नटसम्राट बालगंधर्व आणि त्यांची गंधर्व नाटक मंडळी



शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी नाट्यगीत म्हणतो. आजी-आजोबा माना डोलावतात, आई-वडील टाळ्या वाजवतात आणि बाकीची मुले पुढच्या फिल्मी नाचाची वाट बघत बसतात. यात मुलांचा काही दोष नाही. ज्याची माहितीच नाही त्याची गोडी कशी लागणार? म्हणून या अंकात मी अशा एका माणसाचे चरित्र सांगणार आहे, ज्याच्या नावावर एके काळी सगळा महाराष्ट्र जीव टाकत होता आणि ज्याच्या कीर्तीत आपल्या बडोद्याचाही वाटा आहे. ते म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

जन्म आणि बालपण

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव श्रीपादराव आणि आईचे अन्नपूर्णाबाई. घरची परिस्थिती साधारण. शिक्षणासाठी त्यांना जळगावला नातेवाइकांकडे ठेवले होते. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही, पण गळा मात्र जन्मतःच गोड होता. जळगावला मेहबूबखाँ या उस्तादांकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दहा वर्षांच्या या मुलाचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे नारायणराव वयाने कितीही मोठे झाले तरी नावातला 'बाल' काही गेला नाही.

त्या काळात चांगल्या घरच्या मुलाने नाटकात जाणे लोकांना पसंत नव्हते. शिवाय नारायणच्या कानाला त्रास होता, त्याला कमी ऐकू येत असे. गाणाऱ्या मुलाला नीट ऐकू येत नसेल तर त्याने काय करावे? कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज गुणी माणसाची पारख करणारे राजे होते. त्यांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात नारायणवर उपचार करवले. कान सुधारला, आणि 1905 मध्ये सतरा वर्षांचे नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले.

किर्लोस्कर मंडळीचा वारसा

इथे थोडे मागे जायला हवे. अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव भागातले गुर्लहोसूरचे. त्यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाला खरे रूप आले. त्याआधी नाटकात सूत्रधारच बहुतेक गाणे म्हणत असे. अण्णासाहेबांनी पात्रांना स्वतः गायला लावले. त्यानंतर 'सौभद्र' आले. अण्णासाहेब 1885 मध्ये गेले, पण मंडळी चालू राहिली. भाऊराव कोल्हटकर हे मंडळीतले स्त्री भूमिका करणारे मोठे गायक नट. ते 1901 मध्ये वारले आणि मंडळीला उतरती कळा लागली. अशा वेळी नारायणराव आले. मिरजेला ते प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले आणि मंडळीचे दिवस पालटले.

आजच्या मुलांना प्रश्न पडेल की पुरुषाने शकुंतला का व्हायचे? त्या काळी घरंदाज स्त्रियांना रंगमंचावर येण्याची मोकळीक नव्हती. त्यामुळे कोवळ्या चेहऱ्याची, गोड गळ्याची मुले स्त्री भूमिका करीत. त्यांना 'स्त्रीपार्टी' म्हणत. या मुलांना चालणे, बसणे, पदर सावरणे, रडणे, लाजणे सगळे शिकवावे लागे. नारायणरावांना हे शिक्षण नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी दिले. देवल तालीम मास्तर म्हणून फार कडक. एकेक शब्द कसा उच्चारायचा हे ते पुन्हा पुन्हा घोकून घेत. बालगंधर्वांचा अभिनय लोकांना सहज वाटायचा, पण त्यामागे ही मेहनत होती हे अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

'मानापमान'ची रात्र

12 मार्च 1911 या दिवशी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता. नायिका भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींच्या मनात आले. नारायणराव मात्र ठरलेला प्रयोग करण्यावर ठाम राहिले. लोक लांबून आले आहेत, तिकिटे घेतली आहेत, त्यांचा विरस करायचा नाही, असा त्यांचा विचार. ते रंगमंचावर आले, हसले, गायले. नाटक अपार गाजले.

हा प्रसंग शाळांमध्ये कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मी जेव्हा जेव्हा तो सांगतो तेव्हा माझ्या मनात त्या घरातल्या आईचाही विचार येतो. लक्ष्मीबाई, म्हणजे नारायणरावांच्या पत्नी, यांचे त्या रात्री काय झाले असेल? मोठ्या माणसाच्या कर्तव्याची किंमत पुष्कळदा घरातली माणसे मुकाट्याने भरतात. मुलांना कर्तव्य शिकवताना ही बाजूही आपण सांगितली पाहिजे असे मला वाटते.

नव्या मंडळीची स्थापना

पुढे किर्लोस्कर मंडळीत कारभारावरून मतभेद वाढले. 1913 मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बोडस उत्तम गद्य नट, टेंबे हार्मोनियमचे बादशहा आणि 'मानापमान'च्या चाली देणारे संगीतकार, आणि नारायणराव तर मंडळीचा प्राण. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचा या मंडळीला आश्रय लाभला. ज्या महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू करून सामान्य घरच्या मुलांना गाणे शिकण्याची सोय केली, त्यांना या नव्या मंडळीचे मोल कळले नसते तरच नवल.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. ती एक फिरती वसाहत होती. नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, शिंपी, आचारी, पाणके, हिशेबनीस आणि गाणे-नाटक शिकायला आलेली लहान मुले, असा मोठा परिवार. पडदे, पेट्या, दागिने, कपडे, भांडी असे सगळे सामान रेल्वेने एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे. एका शहरात मंडळीचा मुक्काम कित्येक आठवडे, कधी महिनेही असे. मोठे घर भाड्याने घेत, त्याला मंडळीचे बिऱ्हाड म्हणत. सकाळी गाण्याचा रियाज, दुपारी तालीम, रात्री प्रयोग. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, कारण आवडलेल्या पदाला 'वन्समोअर' मिळाला की ते पद पुन्हा म्हणावेच लागे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हे सारे मी पुस्तकांपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आधी ऐकले. ते बिऱ्हाडाबद्दल असे बोलत, जणू गावात एखादे लग्नघर उतरले आहे.

वैभवाचा काळ

1916 मध्ये देवलांचे 'संशयकल्लोळ' आणि खाडिलकरांचे 'स्वयंवर' ही दोन्ही नाटके मंडळीने रंगभूमीवर आणली. 'स्वयंवर'च्या चाली गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या. भास्करबुवांनी मोठमोठ्या घराण्यांतली रागदारी नाटकाच्या पदांत अशी बसवली की ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती अशी माणसेही राग गुणगुणू लागली. शास्त्रीय संगीत राजवाड्यातून आणि दिवाणखान्यातून निघून किराणा दुकानदार आणि कारकुनाच्या घरी पोहोचले, ते या पदांमुळे. बालगंधर्वांची रुक्मिणी बघायला लोक गावोगावाहून येत. त्यांनी नेसलेल्या साडीसारखी साडी, त्यांच्यासारखी नथ, त्यांच्यासारखा केसांत गजरा, अशी स्त्रियांमध्ये फॅशन पडली. एका पुरुष नटाचे पाहून बायका साडी नेसायला शिकल्या, ही गोष्ट आज खरी वाटणार नाही.

नारायणरावांना रंगमंचावर खोटे काही चालत नसे. शालू खरे, पैठण्या खऱ्या, अत्तरे उंची. साथीलाही उत्तमच माणूस हवा. पुढे उस्ताद अहमदजान थिरकवाँ तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला असत. ज्या थिरकवाँसाहेबांचा तबला ऐकायला रसिक तिकीट काढत, ते या मंडळीत पदांना ठेका धरीत होते. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, विनायकबुवा पटवर्धन अशी मोठी गायक मंडळीही इथे वावरली.

बडोदे आणि 'एकच प्याला'

आता आपल्या गावाची गोष्ट. राम गणेश गडकरी यांचा जन्म बडोदे संस्थानातल्या नवसारीचा. दारूच्या व्यसनाने एका सुखी घराची कशी राखरांगोळी होते हे सांगणारे 'एकच प्याला' त्यांनी लिहिले. पण नाटक रंगभूमीवर यायच्या आधीच, 23 जानेवारी 1919 रोजी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते वारले. नाटकाची पदे त्यांच्या हातून झाली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली आणि चाली सुंदराबाईंनी दिल्या. गडकरी गेल्यावर महिनाही झाला नव्हता, तोच 20 फेब्रुवारी 1919 रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आणि तो झाला बडोद्यात.

बोडसांनी दारुड्या सुधाकर उभा केला आणि बालगंधर्वांनी त्याची पत्नी सिंधू. ज्यांना लोक भरजरी शालूत बघायला येत, ते ठिगळ लावलेल्या लुगड्यात, जात्यावर दळण दळताना दिसले. काही जणांना शंका होती की प्रेक्षक हे स्वीकारतील का. प्रेक्षकांनी डोळे पुसत स्वीकारले. आपल्या शहरातल्या मराठी माणसांनी हे नाटक सर्वांच्या आधी बघितले, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

संयुक्त 'मानापमान'

1921 मध्ये महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचे आवाहन केले. त्या वेळी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हे बालगंधर्वांचे प्रतिस्पर्धी मानले जात. दोघांचे चाहते एकमेकांशी कडाकडा भांडत. तेच दोघे 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एका रंगमंचावर उभे राहिले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तिकिटांचे दर खूप चढे होते, तरी थिएटर भरून गेले आणि सर्व उत्पन्न फंडाला गेले. दोघांनीही एकमेकांवर मात करायचा प्रयत्न न करता गाणे रंगवले असे जाणकार सांगत आले आहेत. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव वारले. असा योग पुन्हा आला नाही.

कर्ज

आता जे सांगायचे आहे ते विशेषतः आम्हा शिक्षकांसाठी आणि विश्वस्तांसाठी आहे. इतकी लोकप्रिय मंडळी, रोज भरलेली थिएटरे, मग पैसा कुठे जात होता? नारायणरावांना हिशेबाची आवड नव्हती. हात सढळ. 1920 च्या 'द्रौपदी' नाटकासाठी राजदरबाराचा देखावा, कपडे, दागिने यांवर अफाट खर्च झाला. टेंबे आधीच सोडून गेले होते, पुढे बोडसही गेले. आणि मग कळले की मंडळीवर लाखाच्या वर कर्ज आहे. त्या काळचे लाख रुपये!

मंडळी बंद करून मोकळे होण्याचा मार्ग होता. नारायणरावांनी तो घेतला नाही. सगळे कर्ज त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि पुढची कित्येक वर्षे प्रयोगामागून प्रयोग करून फेडले. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांचा पैसा बुडवायचा नाही, ही त्यांची निष्ठा. याबद्दल त्यांना वंदन केलेच पाहिजे.

पण मी एका संस्थेचा कारभार बघतो म्हणून हेही लिहितो. कर्ज फेडणे जितके थोर आहे, तितकेच ते होऊ न देणे जरुरीचे आहे. कलेत ज्याने एक सूर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याने जमाखर्चाच्या वहीकडे पाहिले नाही, आणि त्याचा त्रास शेवटी त्याच्या कलेलाच झाला. कर्जाच्या वर्षांत एका माणसाला आपला गळा कसा पिळून घ्यावा लागला असेल याचा विचार करा. ज्यांना वाटते की हिशेब ठेवणे हे हलके काम आहे, त्यांनी गंधर्व मंडळीचा इतिहास जरूर वाचावा.

बदलता काळ

1931 मध्ये बोलपट आला आणि 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट. थोड्या पैशांत, दिवसातून अनेक खेळ, गाणेही ऐकायला मिळते, मग रात्रभर नाटक कोण बघणार? दुसरीकडे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. आपल्या बडोद्याचे नाव लावणाऱ्या हिराबाई बडोदेकर यांनी 1929 मध्ये आपली मंडळी काढली आणि स्वतः रंगमंचावर आल्या. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने लहान, गाण्यांनी न लांबलेले नाटक दाखवले. काळ बदलला होता. बालगंधर्वांची चाळिशी उलटली होती, शरीर स्थूल झाले होते, तरी ते रुक्मिणी आणि सिंधूच करीत राहिले.

मंडळीचे काम थांबवून ते चित्रपटात गेले. प्रभातच्या 'धर्मात्मा' या 1935 च्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथ केले. आयुष्यभर स्त्री वेषात वावरलेला नट पुरुष म्हणून पडद्यावर आला. पण कॅमेऱ्यापुढे तुकड्या-तुकड्यांनी काम करणे त्यांना मानवले नाही. समोर माणसे नाहीत, वन्समोअर नाही, मग गायचे कुणासाठी? ते परत नाटकाकडे आले आणि मंडळी पुन्हा उभी केली. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्री भूमिका करू लागल्या. मात्र पूर्वीचे दिवस आले नाहीत. लक्ष्मीबाई 1940 मध्ये वारल्या. नारायणराव आणि गोहरबाई पुढे विवाहबद्ध झाले. यावरून लोकांनी त्यांना खूप बोल लावले. कित्येक जुन्या चाहत्यांनी पाठ फिरवली. उतारवयात पाय अधू झाले, पैशांची चणचण राहिली, तरी ते बसल्या जागी भजने गात.

सन्मान उशिरा का होईना, आले. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1964 मध्ये पद्मभूषण. 1964 मध्येच गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन 1962 मध्ये त्यांच्याच हस्ते झाले होते, पण 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते.

आपल्यासाठी

विद्यार्थ्यांनो, त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आता मोबाईलवर सहज ऐकायला मिळतात. सुरुवातीला खरखर ऐकू येईल, आवाज लांबून आल्यासारखा वाटेल. कंटाळून बंद करू नका. दोन-तीन वेळा ऐका. शब्द किती स्वच्छ आहे, तान घेतानाही अर्थ कसा सुटत नाही, याकडे लक्ष द्या. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारा की त्यांच्या आई-वडिलांनी कोणती नाटके बघितली होती. जे सांगतील ते वहीत लिहून आणा. या घरगुती आठवणी कुठल्याही पुस्तकात नाहीत आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

पालकांना विनंती अशी की, घरात मराठी बोलले जावे. मुले गुजराती, हिंदी, इंग्रजी उत्तम शिकोत, पण 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला' समजण्याइतकी मराठी त्यांना यायला हवी. आणि विश्वस्त मंडळींना नम्र सूचना की, येत्या 26 जूनला, शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात, बालगंधर्व जयंती साजरी करावी. खर्च फारसा नाही. एक पेटी, एक तबला आणि गाणारी चार मुले पुरेत. त्या कार्यक्रमाचा पै-पैचा हिशेब मी स्वतः ठेवीन.

मुख्याध्यापक